न्यूयॉर्कला नाताळात जाताना: काय घालायचं, काय न्यायचं?

चाफेकळी

नमस्कार मंडळी. नाताळच्या आठवड्यात आम्ही न्यूयॉर्कला चाललोय. मी, नवरा, दुसरीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाई एकोणसत्तर वर्षांच्या आहेत. मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, पण रोज सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, चालत जाऊन येतात. आधी मॅनहॅटनमध्ये हॉटेल, मग न्यू जर्सीत एडिसनला दिरांकडे, आणि नवीन वर्ष लागलं की परत.

आम्ही नाशिकचे. निफाडचा पारा पाचावर उतरला की आमच्याकडे शेकोट्या पेटतात. त्यापलीकडची थंडी मनालीला पाहिली तेवढीच. तेव्हा घेतलेली जाडजूड जाकिटं आणि ट्रेकिंगचे बूट माळ्यावर आहेत. दीर म्हणतात, काही आणू नका, इथे सगळं मिळतं. मैत्रीण म्हणते, तिकडे सगळं महाग, इथूनच घेऊन जा. दोघांचंही ऐकून मी आणखीच गोंधळले आहे.

सासूबाई कायम पाचवारी साडीत असतात आणि तिकडेही साडीच नेसायची त्यांची इच्छा आहे. ती मोडायची नाही असं आमचं ठरलंय. साडीवर काय घालायचं, आत काय घालायचं, पायात काय, हे कुणी अनुभवानं सांगितलं तर फार मदत होईल. मुलासाठी काय घ्यावं तेही सांगा.

जर्सीकर

चाफेकळी, आधी आकडे देतो, म्हणजे भीती किती ठेवायची ते कळेल. न्यूयॉर्कमध्ये डिसेंबरात दिवसाचं कमाल तापमान सरासरी ७ अंशांच्या आसपास आणि रात्रीचं १ अंश. जानेवारीत ४ आणि उणे २. म्हणजे निफाडच्या गारठ्यापेक्षा फार वेगळं नाही, असं कागदावर वाटेल. फरक असा की निफाडला दुपारी ऊन चढतं, इथे दिवसभर तेच तापमान राहतं आणि वर वारा असतो. मॅनहॅटनच्या दोन्ही बाजूंना नद्या आहेत. हडसनवरून येणारा वारा आडव्या रस्त्यांतून, उंच इमारतींच्या मधून, खिंडीतून यावा तसा अंगावर येतो. हवामानाच्या ॲपवर तापमानाखाली 'फील्स लाइक', म्हणजे अंगाला प्रत्यक्ष जाणवणारं तापमान, लिहिलेलं असतं. कपडे त्या आकड्याकडे बघून घाला. ॲपमध्ये सेल्सिअस लावून घ्या, नाहीतर तिथे सगळे फॅरनहाइटमध्ये बोलतात. ३२ म्हणजे शून्य, ५० म्हणजे दहा, आणि २० म्हणजे उणे ७, एवढं पाठ असलं तरी पुरतं.

सरासरीवर विसंबू मात्र नका. २०१५ च्या २४ डिसेंबरला सेंट्रल पार्कमध्ये २२ अंश होतं, लोक टीशर्टमध्ये फिरत होते. २०२२ च्या २३ डिसेंबरला सकाळी पाऊस आणि चांगलं दहाच्या वर तापमान होतं, आणि रात्रीपर्यंत ते उणे दहाच्या खाली गेलं. एका दिवसात! म्हणून माझं पहिलं सांगणं: एक प्रचंड जाड कपडा नेऊ नका, तीन मध्यम कपडे न्या.

याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. शहरातली थंडी डोंगरातल्यासारखी सलग नसते. तुम्ही वीस मिनिटं रस्त्यावर, मग दोन तास म्युझियममध्ये, मग दहा मिनिटं रस्त्यावर, मग सबवेत (भुयारी रेल्वेत) असे फिरणार. आणि आतली उष्णता किती असते ते नाशिकला बसून कळत नाही. न्यूयॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे हा हीटिंगचा कायदेशीर हंगाम आहे. बाहेर १३ अंशांच्या खाली गेलं की घरमालकानं दिवसा घर किमान २० अंशांवर ठेवलंच पाहिजे. प्रत्यक्षात जुन्या इमारतींतले वाफेचे रेडिएटर त्याहून खूप जास्त तापतात आणि पुष्कळ ठिकाणी ते कमी करायची सोय नसते. दुकानं तशीच. सबवेचा फलाट गार आणि डबा गरम. मनालीचं जाकीट घालून, आत जाड गळाबंद स्वेटर घालून तुम्ही डब्यात शिरलात की पाच मिनिटांत घाम, आणि त्याच घामानं बाहेर पडल्यावर हुडहुडी. थंडी वाजते ती बहुतेक वेळा अशी.

म्हणून तीन थर. अंगालगत पातळ थर्मल, सुती नको, कारण सूत घाम धरून ठेवतं. पॉलिएस्टरचं किंवा मेरिनो लोकरीचं घ्या. त्यावर चेन असलेला फ्लीस (मऊ लवदार कापडाचं हलकं जाकीट) किंवा पातळ स्वेटर. डोक्यातून घालायचा नको. पुढून उघडणारा असला की सबवेत एका हातानं मोकळा करता येतो. आणि सगळ्यांत वर वारा आणि पाणी अडवणारा, टोपी असलेला, मांड्या झाकणारा लांब कोट. कमरेपर्यंतचं जाकीट इथे अपुरं पडतं, कारण थंडी लागते ती मांड्यांना. जीन्समधून वारा सरळ आत जातो.

मनालीच्या जाकिटात वारा अडतो का ते घरीच तपासा. तोंड लावून कापडातून जोरात फुंकर मारा. पलीकडे हाताला हवा लागली तर ते जाकीट एकटं पुरणार नाही.

कृष्णाकाठ

माळ्यावरच्या बुटांबद्दल आधी. ट्रेकिंगचे बूट बरीच वर्षं न वापरता पडून असतील तर तळवा वाकवून बघा. त्यातलं पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यानं झिजत जातं, वरून बूट नवा दिसतो आणि चालायला लागलं की तळवा निघून येतो. आमच्या ग्रुपमध्ये हे एकाचं झालं होतं, तेही राजगडावर. परदेशात पहिल्याच दिवशी असं झालं तर सगळा दिवस बूट शोधण्यात जाईल.

हडसनकाठ

बुटांवर मी सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते तुमच्या सगळ्या बजेटमधला मोठा वाटा पायांवर जायला हवा. कोट उसना मिळेल, बूट उसने चालत नाहीत.

न्यूयॉर्कमध्ये माणूस चालतो. दक्षिणोत्तर वीस ब्लॉक (दोन चौकांमधलं अंतर म्हणजे एक ब्लॉक) म्हणजे एक मैल, आणि 'चला, दहाच ब्लॉक आहेत' असं म्हणत म्हणत दिवसात किती मैल होतात याचा पत्ता लागत नाही. बर्फ डिसेंबरात पडेलच असं नाही. वर्षभरात सरासरी ७५ सेंटीमीटर पडतो, पण त्यातला जास्त वाटा जानेवारी-फेब्रुवारीचा. डिसेंबरात पाऊस मात्र हमखास. चार अंशांतला पाऊस हा पडत्या बर्फापेक्षा त्रासदायक, कारण बर्फ झटकता येतो.

आणि बर्फ पडला तर खरी अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते. रस्ते साफ करताना सगळा बर्फ कडेला ढकलतात, वर मीठ टाकतात, आणि प्रत्येक चौकात फुटपाथ जिथे रस्त्याला मिळतो तिथे काळपट स्लशचं, म्हणजे अर्धवट वितळलेल्या बर्फाचं, डबकं तयार होतं. वरून घट्ट दिसतं, पाय टाकला की घोट्यापर्यंत बर्फाचं पाणी. म्हणून बूट घोट्याच्या वर जाणारे, पाणी न शिरणारे, खाली रबराचा खोल नक्षीचा तळवा असलेले हवेत. जाळीचे स्पोर्ट्स शूज नकोत. चांगले चामड्याचे बूटही नकोत, मिठाचे पांढरे डाग पडतात आणि चामडं कडक होतं.

मोज्यांसकट माप घ्या. जाड मोजा घातल्यावर बोटं हलली पाहिजेत. बूट आवळला की रक्त कमी पोचतं आणि पाय जास्त गार पडतात. दोन मोजे एकावर एक चढवून घट्ट बूट घालण्यापेक्षा एकच लोकरीचा मोजा आणि सैल बूट बरा. आणि नवे बूट निघायच्या आधी निदान दोन-तीन आठवडे रोज घालून चाला. नाशिकला गरम होईल, हरकत नाही.

बोरीबंदर

दीर म्हणतात त्याला माझा थोडा विरोध आहे. 'तिकडे मिळतं' हे खरं, पण सुट्टीचे पहिले दोन दिवस दुकानांत घालवायचे का? नाताळच्या आधीच्या आठवड्यात थर्टीफोर्थ स्ट्रीटच्या मेसीजमध्ये पाय ठेवायला जागा नसते. सोबत मूल आणि वयस्कर माणूस, जेटलॅग वेगळाच. थर्मल, फ्लीस, पायमोजे, हातमोजे, कानटोपी, मुलाची बर्फाची पँट हे सगळं डेकॅथलॉनमध्ये चांगल्या प्रतीचं आणि आपल्या भावात मिळतं. घालून बघता येतं, नाही बसलं तर बदलता येतं. तिबेटी स्वेटरवाल्यांकडचे स्वेटरही मधल्या थराला उत्तम. फक्त त्यांच्या भरवशावर बाहेर जाऊ नका, विणीतून वारा आरपार जातो.

जर्सीकर

बोरीबंदर, आतल्या दोन थरांबद्दल पूर्ण अनुमोदन, भारतातूनच घ्या. कोटाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. लांब, वारा अडवणारा, पिसं भरलेला किंवा तशाच सिंथेटिक भरावाचा कोट महाराष्ट्रात फारसा मिळत नाही आणि मिळाला तर महाग. परत आल्यावर तो घालणार कुठे?

इथे बर्लिंग्टन, मार्शल्स, टीजे मॅक्स अशा दुकानांत चांगल्या कंपन्यांचे कोट उतरलेल्या किमतीत असतात. शिवाय न्यूयॉर्क शहरात ११० डॉलरच्या आतल्या कपड्यांवर आणि बुटांवर विक्रीकर नाही. न्यू जर्सीत तर रोजच्या कपड्यांवर मुळातच नाही. आणि दीर एडिसनला आहेत म्हणजे त्यांच्या घरात आणि शेजारीपाजारी जास्तीचे कोट असणारच. इथल्या देशी घरांत 'आईबाबांचे कोट' म्हणून एक वेगळं कपाट असतं, जो तो एकमेकांकडून नेतो. त्यांना आत्ताच मापं कळवा आणि विमानतळावर घ्यायला येताना चार कोट गाडीत टाकून आणायला सांगा.

घ्यायला कुणी येणार नसेल तर मात्र फ्लीस, टोपी आणि वारा अडवणारं एखादं जाकीट हातातल्या बॅगेत हवं. टॅक्सीच्या रांगेत उभं राहायचं असतं, सामान उघडून कपडे शोधायची ती जागा नव्हे.

रातराणी

साडीबद्दल लिहिते. माझी आई कोल्हापूरची, माझ्याकडे न्यू जर्सीत हिवाळाभर राहिली आणि एक दिवसही साडी सोडली नाही. जमतं, फक्त आतली तयारी नीट हवी.

परकराच्या आत थर्मलची लांब विजार, ती मोज्यात खोचायची. आईसाठी मी फ्लीस लावलेल्या जाड लेगिंग्ज घेतल्या होत्या, पोटावर रुंद इलॅस्टिक असलेल्या, म्हणजे परकराच्या नाडीखाली काचत नाही. वर पूर्ण बाह्यांचं थर्मल आणि त्यावर ब्लाउज. पातळ, खोल गळ्याचं थर्मल घेतलं तर ते ब्लाउजच्या बाहेर दिसत नाही. परकर सुतीच ठेवा. हीटिंगमुळे घरातली हवा फार कोरडी होते, सिंथेटिक परकर आणि सिंथेटिक साडी एकमेकींना आणि पायांना चिकटतात, चटचट ठिणग्या उडतात. साडी मात्र पूर्ण सुती नको, ओली झाली की लवकर वाळत नाही. आईच्या जॉर्जेटच्या आणि आर्ट सिल्कच्या साड्या सगळ्यांत उपयोगी पडल्या.

नेसताना नेहमीपेक्षा तीन-चार बोटं वर. फॉल स्लशमध्ये भिजला की मिठाचं पाणी वर चढत जातं. पदर कोटाच्या आत घेऊन पिन लावायची. सबवेच्या सरकत्या जिन्यावर निऱ्या हातात धरायच्या, आणि शक्य तर जिन्याऐवजी लिफ्ट. सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट नाही, तेवढं आधी नकाशात बघून घ्या. फिरत्या दारांतूनही जाऊ देऊ नका, शेजारी साधं दार असतं.

कोट पोटऱ्यांपर्यंत लांब आणि खालून वर उघडता येणारी दुहेरी चेन असलेला शोधा. खालची चेन थोडी उघडली की पावलं मोकळी पडतात आणि बसता येतं. शाल कोटावरून नको, वाऱ्यात सावरत बसावं लागतं. कोटाच्या आत, खांद्यावरून छातीवर घेतली तर फार ऊब देते आणि म्युझियममध्ये कोट काढल्यावर अंगावर राहते.

एक गोष्ट मात्र सासूबाईंशी मोकळेपणानं बोलून ठेवा. बर्फ पडून गोठला असेल त्या दिवशी साडी नको. सौंदर्याचा प्रश्न नाही, पाय कुठे पडतोय ते निऱ्यांमुळे दिसत नाही म्हणून. अशा दिवसासाठी एक सैल लोकरी पँट आणि गुडघ्याखाली जाणारा कुर्ता सामानात असू द्या. आईनं ते दोन-तीनदा स्वतःहून घातलं.

चाफेकळी

रातराणी, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. पँट-कुर्त्याला त्यांनी लगेच होकार दिला. 'बर्फावर पडण्यापेक्षा बरं' म्हणाल्या. दुहेरी चेनचं तर मला माहीतच नव्हतं.

मुलाचं आणि इन्सुलिनचं कुणी सांगाल का? आणि सामान किती न्यायचं? चार जणांचे एवढे थर म्हणजे बॅगा किती होतील याचीच चिंता लागलीय.

ओलीमाती

डॉक्टर म्हणून इन्सुलिनबद्दल सांगते. ते कधीही गोठू द्यायचं नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी वापरायचं नाही, टाकून द्यायचं. विमानात ते हातातल्या बॅगेतच न्या, चेक-इनच्या सामानात नाही. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत. न्यूयॉर्कमध्ये फिरताना पेन बाहेरच्या पर्समध्ये किंवा कोटाच्या बाहेरच्या खिशात ठेवू नका. कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. पण अगदी हीटरजवळ किंवा रेडिएटरवरही नको. ग्लुकोमीटरचंही तेच, फार गार झाला तर तो चूक दाखवतो किंवा चालतच नाही. आत गेल्यावर थोडा वेळ थांबून, हात ऊन पाण्यानं धुऊन, मग तपासा. गार बोटातून रक्त नीट येत नाही.

मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. बूट घासतोय किंवा मोजा ओला झालाय हे त्यांना कळेलच असं नाही. रोज रात्री बोटांच्या फटी आणि तळवे तुम्ही स्वतः बघा. पाय गार पडले म्हणून गरम पाण्याची पिशवी किंवा हातापायांना लावायच्या त्या उष्णतेच्या पुड्या थेट त्यांच्या पायाला लावू नका, भाजल्याचं लक्षात येत नाही. आणि पर्समध्ये एक कोरडी मोज्यांची जोडी कायम.

कोरड्या हवेनं ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, अंगाला खाज सुटते. अंघोळीनंतर ओलसर अंगालाच जाड क्रीम लावायचं. खोबरेल तेल तिथे घट्ट गोळा होऊन बसतं, त्यामुळे व्हॅसलीन सोपं. नाकाच्या आत बोटानं किंचित व्हॅसलीन लावलं तरी खूप फरक पडतो. आणि तहान लागत नसली तरी पाणी प्या. थंडीत पाणी पिणं आपोआप कमी होतं, त्यात वयस्कर माणसं 'बाथरूम शोधावं लागेल' म्हणून मुद्दाम पीत नाहीत.

हडसनकाठ

मुलासाठी बोटांचे हातमोजे नकोत, मिटन घ्या. चार बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात. दोन जोड्या, कारण बर्फात खेळला की एक तासात ओले होतात. कोटाच्या बाह्यांतून जाणारी दोरी लावून टाका म्हणजे हरवत नाहीत. मफलरऐवजी गळ्यात घालायचा गोल लोकरी पट्टा बरा, तो सुटत नाही आणि जिन्यात अडकत नाही. बर्फाची पँट एकच पुरे, तीही बर्फ पडला तरच. शाळकरी मुलं बडबड करत चालतात, नाक-तोंड झाकून घ्यायला कंटाळतात. त्या गोल पट्ट्यानं ते काम होतं.

ब्रायंट पार्कला स्केटिंगला जाणार असाल तर हातमोजे हवेतच, पडल्यावर हात बर्फावर टेकतात. स्वतःचे स्केट असले तर तिथे प्रवेश फुकट आहे, नाहीतर भाड्यानं मिळतात.

दख्खनी

सामान: पोशाख दिवसागणिक मोजू नका. वरचा कोट एकच, बूट एकच जोडी, आणि दिरांच्या घरी घालायला हलक्या चपला. मधला थर प्रत्येकी दोन. थर्मल प्रत्येकी तीन जोड्या, रात्री बाथरूममध्ये धुऊन टाकले तर त्या कोरड्या हवेत सकाळपर्यंत वाळतात. जीन्स किंवा पँट दोन. मोजे मात्र सढळ हातानं घ्या. थंडीत घाम कमी, धूळ नाही, कपडे मळतात कमी. शिवाय एडिसनच्या घरी धुलाई यंत्र असणारच.

फोटोंत सगळीकडे एकाच कोटात दिसाल, याचं वाईट वाटत असेल तर रंगीत टोप्या आणि स्टोल दोन-तीन न्या. वजन काहीच नाही. त्या शहरात हिवाळ्यात जो तो काळ्या कोटात असतो. त्या गर्दीत मुलाला लाल किंवा पिवळी टोपी घातली तर तो लांबूनही दिसतो, हा फायदा वेगळा.

बोरीबंदर

जागांप्रमाणे थोडं सांगतो, कारण 'न्यूयॉर्कची थंडी' अशी एकच नसते.

सगळ्यांत गार वाटलेली जागा म्हणजे पाण्यावरची. लिबर्टीच्या पुतळ्याची फेरीबोट आणि स्टेटन आयलंडची फुकट फेरीबोट. डेकवर फोटोला पाच मिनिटं जा, बाकी आत बसा. ब्रुकलिन ब्रिज १८८३ चा, चालायला सुमारे १.८ किलोमीटर आणि पूर्ण उघडा. वारा असेल त्या दिवशी टाळा किंवा अर्ध्यातून परत फिरा, दृश्य तिथूनही मिळतं. हाय लाइन या उंचावरच्या बागेतही आडोसा नाही.

उंच गच्च्यांमध्ये निवड आहे. एम्पायर स्टेटचा ८६ वा मजला आणि टॉप ऑफ द रॉकचा ७० वा मजला उघड्यावर आहेत, तिथे खालच्यापेक्षा बराच जास्त वारा असतो. वन वर्ल्ड ऑब्झर्वेटरी पूर्ण काचेच्या आत आहे. सासूबाईंसाठी मी तीच सुचवेन. समिट वन व्हँडरबिल्टला गेलात तर तिथे जमीनच आरशाची आहे, त्यामुळे बायकांनी पँट घालून जावं. त्या दिवशी साडी नको.

आणि लवकर निघा. त्या आठवड्यात सूर्य साडेचारला मावळतो आणि ऊन गेलं की तापमान झपाट्यानं उतरतं. सकाळी पूल, पार्क, फेरीबोट, दुपारनंतर म्युझियम. रॉकफेलर सेंटरचं नाताळचं झाड आणि फिफ्थ अव्हेन्यूवरच्या दुकानांच्या सजवलेल्या खिडक्या अंधारातच छान दिसतात, पण तिथे गर्दीत सावकाश चालावं लागतं आणि न चालणाऱ्या माणसाला थंडी दुप्पट वाजते. त्या संध्याकाळी एक थर जास्त.

चाफेकळी

थर्टी फर्स्टला टाइम्स स्क्वेअरला जायची मुलाची आणि त्याच्या बाबांची फार इच्छा आहे. त्यासाठी काय घालावं?

जर्सीकर

ताई, कपड्यांचा प्रश्न दुय्यम आहे. तुमच्या कुटुंबाला घेऊन तिथे जाऊ नका, हे कळकळीनं सांगतोय. नवीन वर्ष लागताना उतरवतात तो दिव्यांचा चेंडू १९०७ पासून खाली येतो आहे आणि जगभरातून लोक येतात, हे सगळं खरं. पण दुपारपासूनच पोलीस कठड्यांच्या आत उभं करतात. मोठ्या बॅगा नाहीत, छत्री नाही, खुर्ची नाही आणि स्वच्छतागृह नाही. बाहेर पडलात तर जागा गेली. मध्यरात्रीपर्यंत उभं राहायचं, हलायला जागा नाही. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला हे सोसणारं नाही. कपडे कितीही चांगले असले तरी सिमेंटवर तासन् तास उभं राहिल्यावर थंडी तळव्यांतून चढते. त्या रात्री एडिसनला घरी राहा, टीव्हीवर बघा, आणि टाइम्स स्क्वेअर एखाद्या साध्या संध्याकाळी दाखवा. दिवे तेच असतात.

रातराणी

जर्सीकरांना अनुमोदन. मुलाला आवडेल असं दुसरं सांगते. ब्रुकलिनमध्ये डायकर हाइट्स नावाची वस्ती आहे, तिथे लोक आपापली घरं दिव्यांनी नखशिखांत सजवतात. दिरांच्या गाडीतून जा. आजी गाडीत बसून बघू शकतात, मुलगा आणि बाबा उतरून फिरू शकतात.

कृष्णाकाठ

दोन बारीकसारीक गोष्टी. थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, कधी कधी फोन एकदम बंदच पडतो. आतल्या खिशात ठेवा. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच. आणि स्क्रीनला चालणारे पातळ हातमोजे घ्या, नाहीतर प्रत्येक नकाशा बघताना हातमोजा काढावा लागतो आणि मग तो हरवतो.

चष्मेवाल्यांनी खिशात मऊ फडकं ठेवावं. बाहेरून आत आलं की काच धुक्यानं भरते. आत शिरल्या शिरल्या जिना उतरू नका, काच स्वच्छ होईपर्यंत बाजूला थांबा.

ओलीमाती

कृष्णाकाठ यांचा जिन्याचा मुद्दा वयस्कर माणसांसाठी खरंच महत्त्वाचा. तसंच ब्लॅक आइस. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठून पहाटे फुटपाथवर पारदर्शक थर होऊन बसतं, नुसता ओला फुटपाथ वाटतो. अशा वेळी आजींनी हात खिशात घालून चालायचं नाही. हातमोजे घालून हात मोकळे, पावलं छोटी, तळवा सपाट टेकवत. कुणीतरी एकानं बाजूनं दंडाला धरून चालायचं.

चाफेकळी

आज दिरांशी बोलले. कोटांची मापं पाठवली, ते विमानतळावर घेऊन येणार आहेत. सासूबाईंसाठी दुहेरी चेनचा मात्र नवा घ्यायला सांगितलाय. बूट आम्ही इथून घेतोय, या शनिवारी. माळ्यावरच्या बुटांचा तळवा वाकवल्यावर खरंच भेगा दिसल्या, कृष्णाकाठ, मनापासून आभार.

सासूबाई येताना तो नवा कोट परत आणणार नाही म्हणतात. तिकडे कुणाला देता येतो का?

हडसनकाठ

हो, आणि हा विचार फार चांगला आहे. न्यूयॉर्क केअर्स ही संस्था दर हिवाळ्यात शहरभर कोट गोळा करते आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना पोचवते. स्वच्छ धुतलेला, चेन चालू असलेला कोट द्यायचा. त्यांची मोहीम ठरावीक मुदतीपुरती असते, ती तेव्हा चालू आहे का ते आधी पाहून घ्या. नाहीतर एडिसनला घरीच राहू द्या, पुढच्या हिवाळ्यात आणखी कुणाचे तरी आईबाबा येतीलच.

सांजवात

धाग्यात जरा घुसते. आम्हीही त्याच सुमारास जातोय आणि तिथून नायगाराला एक रात्र जायचा विचार आहे. हेच कपडे चालतील का?

बोरीबंदर

कपडे हेच, पण प्रत्येकाला एक थर वाढवा आणि बर्फाची पँट मोठ्यांनीही घ्या. बफेलोच्या बाजूला सरोवरांमुळे बर्फ खूप पडतो आणि वारा न्यूयॉर्कपेक्षा बोचरा असतो. रस्त्याने जाणार असाल तर हवामानाचा अंदाज बघूनच निघा, परतीला एक दिवस हातात ठेवा. धबधब्याजवळची बोट हिवाळ्यात बंद असते. काठावरून दिसतो तो देखावा मात्र सुंदर असतो, तुषार गोठून कठडे, झाडं, दिव्यांचे खांब सगळं पांढरं झालेलं. तेच तुषार पायाखालीही गोठतात, त्यामुळे बुटांवर चढवायचे खिळेवाले रबरी पट्टे सोबत हवेतच. चांगल्या बुटांवरही ते बसतात आणि गाडीत शिरताना काढून ठेवता येतात.